रिकाम्या हिवाळ्यातली कारागिरी : जपानची लोकखेळणी

जपानमध्ये ज्यांना ‘क्योदो गांगु’ म्हणतात ती खेळणी कोणत्या ना कोणत्या मुलखाची असतात. मान डोलवणारा लाल बैल आइझुचा, कोऱ्या डोळ्यांचा दारुमा ताकासाकीचा, डोके फिरवले की करकरणारी लाकडी बाहुली नारुकोची, वाऱ्याबरोबर काठी चढणारे माकड नोबेओकाचे. त्या त्या मुलखातला कागद, माती किंवा लाकूड, तिथल्याच शेतकऱ्याचे किंवा हलाखीतल्या सामुराई घरातले हात आणि विक्रीला तिथलीच जत्रा, असा हा सारा घरचाच मामला होता. मराठीत त्यांना लोकखेळणी म्हणता येईल. मात्र त्यांतली बरीच जितकी मुलांच्या हातात असत, तितकीच देव्हाऱ्याजवळच्या फळीवरही असत. खेळणे, नवस, ताईत आणि यात्रेची आठवण ही चार कामे एकाच वस्तूकडून करून घेण्याची तिथे रीत होती.

यांपैकी बहुतेक खेळण्यांची घडण एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या दरम्यान झाली. अडीच शतके देशात बहुतांशी शांतता होती. किल्ल्यांभोवती शहरे वाढली, रस्ते सुरक्षित झाले आणि सामान्य माणूस तीर्थयात्रेला निघू लागला. यात्रा म्हटली की घरच्या पोराबाळांसाठी काहीतरी नेणे आले. ते हलके हवे, स्वस्त हवे आणि देवाच्या दारातून आणल्याची खूण त्यावर हवी. दुसरीकडे ईशान्येच्या बर्फाळ मुलखात शेतकरी चार-चार महिने घरात अडकून पडत. अनेक संस्थानांचे खजिने रिते असल्याने कनिष्ठ सामुराईंनाही जोडधंदा शोधावा लागे. या साऱ्याच्या मुळाशी एक मोठी धास्ती होती, ती मुलांच्या जिवाची. देवी, गोवर आणि तापाने लहान मुले सर्रास दगावत. स्वस्त माल, रिकामा हंगाम आणि मुलाची काळजी या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर या खेळण्यांचा आकार, रंग आणि बाजार, तिन्हींचा उलगडा होतो.

कागदाची खेळणी

या खेळण्यांतला सर्वांत मोठा वर्ग कागदाचा. या पद्धतीला ‘हारिको’ म्हणतात. शहरांत व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्या आणि सरकारी दप्तरांची रद्दी मुबलक निघे. जपानी हातकागदाचे तंतू लांब असतात. त्यामुळे तो ओला झाला तरी सहजी फाटत नाही आणि वाळला की टणक होतो. हारिकोसाठी आधी लाकडाचा भरीव साचा कोरतात. त्यावर खळीने कागदाचे तुकडे थरावर थर चिकटवतात, वाळवतात, मग पाठीवर सुरीने चीर देऊन आतला साचा काढून घेतात. चीर पुन्हा कागदाने बुजवली की हातात पोकळ, हलकी आणि पडली तरी न फुटणारी आकृती राहते. लाकडी साचे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. फुकुशिमा प्रांतात कोरियामाजवळ ताकाशिबा नावाची वस्ती आहे. पूर्वी ती मिहारू संस्थानात होती. तिथल्या ‘देको याशिकी’ म्हणजे बाहुल्यांच्या वाड्यांत पूर्वजांनी कोरलेल्या साच्यांवर आजही कागद चढवला जातो. नाचणाऱ्या बायका, ढोल वाजवणारे, अंगाला झोका दिलेले नट अशा मिहारूच्या आकृत्या हारिकोतले सर्वांत डौलदार काम मानल्या जातात.

आकृती तयार झाली की तिच्यावर ‘गोफुन’चा पांढरा लेप बसतो. गोफुन म्हणजे कालवांच्या शिंपल्यांची पूड. उन्हापावसात वर्षानुवर्षे पडून भुसभुशीत झालेले शिंपले दळून ती करतात आणि ‘निकावा’ या जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसात कालवून लावतात. या लेपाने कागदाची खरखर झाकली जाते आणि वर दिलेला रंग उजळ दिसतो. कागदी असो वा मातीची, जवळजवळ प्रत्येक जपानी बाहुलीच्या चेहऱ्याला गोफुनचे हेच अस्तर असते.

हारिकोचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे दारुमा. हा गोल, बिनहातापायाचा लाल पुतळा बोधिधर्माचा. दक्षिण भारतातून चीनला गेलेला आणि झेन पंथाचा आद्य गुरू मानला गेलेला हा भिक्षू नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसला आणि त्यात त्याचे हातपाय झडून गेले, अशी दंतकथा आहे. तळाशी जड असलेली, ढकलली तरी उभी राहणारी बाहुली चीनमधून जपानमध्ये आली होतीच. तिला या न डळमळणाऱ्या गुरूचे रूप चपखल बसले.

ताकासाकी हे गुन्मा प्रांतातले शहर. त्याच्या कडेला शोरिनझान दारुमा-जी हे देऊळ आहे. १७८३ मध्ये जवळच्या आसामा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, राखेने शेते झाकली आणि तेन्मेइ दुष्काळाने मुलूख होरपळला. तेव्हा देवळाचे नववे महंत तोगाकु यांनी, संस्थापक शिन्एत्सु यांनी काढलेल्या दारुमाच्या चित्रावरून एक लाकडी साचा कोरला आणि शेतकऱ्यांना पुतळे करायला शिकवले, असे देवळाची परंपरा सांगते. शिकवायला हंगामही सोयीचा होता. या भागात हिवाळाभर डोंगरावरून कोरडा, झोंबरा वारा वाहतो. शेतात काम नसते आणि कागद मात्र खडखडीत वाळतो.

गिऱ्हाईकही तिथेच तयार होते. गुन्मा हा रेशमाचा प्रांत. रेशीमकिडा चार वेळा कात टाकतो. प्रत्येक वेळी तो आधी ‘झोपतो’ आणि मग ‘उठतो’, अशीच तिथल्या शेतकऱ्यांची भाषा. किडा उठला नाही तर वर्षाची कमाई बुडाली. पाडले तरी उठणारा दारुमा त्यांना शकुनाचा वाटला नसता तरच नवल. त्यांनी तो घरात आणून ठेवला. पीक चांगले आले की त्याचा डोळा रंगवायचा, ही चाल पुढे देशभर रूढ झाली. नवस बोलताना एक डोळा रंगवतात आणि फळ मिळाल्यावर दुसरा. निवडणूक जिंकलेला उमेदवार कॅमेऱ्यांसमोर दारुमाचा दुसरा डोळा भरतो, ते याच चालीतून आलेले. वर्ष सरले की जुना दारुमा देवळात परत करतात. तिथे त्याला अग्नी दिला जातो आणि नवा घरी येतो. कारागिराच्या दृष्टीने ही मोठी सोय, कारण गिऱ्हाईक दरवर्षी परत येते.

दारुमाच्या तळाशी वजन बसवतात. मग गोफुनचा लेप आणि त्यावर लाल रंग. रंग देताना पुतळा खालून काठीवर खोचून रंगाच्या भांड्यात बुडवतात आणि काठ्या तशाच ओळीने रोवून सुकवतात. मग चेहऱ्याची जागा रंगवतात, अंगावर सोनेरी रेघा आणि अक्षरे येतात. सर्वांत शेवटी भुवया आणि दाढीमिशा. ताकासाकीच्या पद्धतीत भुवयांच्या जागी करकोचा आणि दाढीमिशांच्या जागी कासव दिसले पाहिजे, कारण ही दोन्ही दीर्घायुष्याची चिन्हे. कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांत पक्ष्याची मान, पंख आणि शेपटी भुवईत उतरवायची असते. नवशिक्याला हे काम बऱ्याच उशिरा हाती मिळते. सेन्दाई शहराचा मात्सुकावा दारुमा मात्र वेगळा. त्याच्या चेहऱ्याभोवती गडद निळा पट्टा असतो आणि दोन्ही डोळे आधीच रंगवलेले असतात.

लाल रंगामागे देवीच्या रोगाची भीती होती. देवीचा देव लाल रंगाला भितो, किंवा लालने प्रसन्न होतो, असा समज होता. आजारी मुलाला लाल कपडे घालत, उशाशी लाल चित्रे आणि लाल खेळणी ठेवत. फुकुशिमा प्रांतातील आइझु भागाचा ‘आकाबेको’ हा लाल बैल याच समजातून घरोघर पोहोचला. यानाइझु गावच्या एन्झो-जी देवळाशी त्याची कथा जोडलेली आहे. १६११ च्या मोठ्या भूकंपानंतर देवळाचे पुन्हा बांधकाम निघाले. लाकडे ओढून बैल थकून बसले, तेव्हा कुठूनसे लाल बैल आले आणि त्यांनी काम तडीस नेले, अशी ती कथा. खेळण्याच्या अंगावर जे काळे ठिपके असतात ते देवीचे व्रण समजले जातात. मुलाच्या वाटचे दुखणे बैलाने स्वतःवर घेतले, असा त्याचा अर्थ. त्याची रचना साधी आहे. धड आणि डोके वेगवेगळ्या साच्यांवर करतात आणि डोके मानेच्या भोकात दोऱ्याने टांगतात. मानेच्या आतल्या टोकाला थोडे वजन असल्यामुळे बोटाने टिचकी मारली की डोके बराच वेळ वर-खाली होत राहते. जपानमध्ये देवीची लस १८४९ मध्ये पोहोचली आणि पुढे रोग हटला. बैलाच्या अंगावरचे ठिपके मात्र राहिले.

याच आइझुमध्ये ‘ओकिआगारी-कोबोशी’ नावाच्या अंगठ्याएवढ्या बाहुल्या मिळतात. नव्या वर्षाच्या बाजारात लोक त्या टोपलीतून मूठभर उचलून फळीवर टाकतात आणि ज्या चटकन उभ्या राहतील त्याच घेतात. घरात जितकी माणसे, त्याहून एक जास्त घ्यायची. वाढीव बाहुली येणाऱ्या माणसासाठी असते.

ओसाकाच्या कागदी वाघाची कथा थेट भारताशी जुळते. १८१७ मध्ये बंगालमध्ये पटकीची साथ उसळली आणि व्यापारी मार्गांनी पसरत १८२२ मध्ये जपानला पोहोचली. ओसाकाच्या दोशोमाची या औषधबाजारातल्या व्यापाऱ्यांनी एक गोळी तयार केली आणि तिच्याबरोबर सुकुनाहिकोना देवळातून कागदी वाघ वाटले. त्या देवळाच्या नोव्हेंबरातल्या उत्सवात हिरव्या वेळूच्या फांदीला लटकवलेले छोटे वाघ आजही मिळतात. एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, ‘इनु-हारिको’ हे कागदी कुत्रे बाळंतघरात जाई. कुत्रीची प्रसूती सुलभ होते, पिले तगतात, तसेच या घरी व्हावे म्हणून.

मातीची खेळणी

मातीच्या बाहुल्यांचे माहेर क्योतोच्या दक्षिणेला फुशिमी येथे आहे. फुशिमी इनारी हे धान्यदेवतेचे मोठे ठाणे. तिथल्या डोंगराची माती नेऊन शेतात टाकली की पीक भरघोस येते, असा भाविकांचा समज होता. त्या मातीच्या वस्तू वाटेवर विकल्या जाऊ लागल्या आणि एदो काळात देवळाच्या रस्त्याला बाहुल्यांच्या दुकानांची रांगच लागली. आज ते काम करणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांतले तांका हे दुकान अठराव्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे.

फुशिमीची बाहुली दोन साच्यांत होते, पुढचा आणि पाठचा. मळलेल्या मातीची पोळी प्रत्येक साच्यात अंगठ्याने दाबून बसवतात, दोन्ही अर्धुके ओल्या मातीने सांधतात, सावलीत वाळवून हलक्या आचेवर भाजतात. मग गोफुन आणि सरसात कालवलेले रंग. वर झिलई नसते, म्हणून ती पाण्यात धुता येत नाही.

या बाहुल्यांत गोष्टी असतात. एक मूल दोन हातांत ‘मांजू’ हा गोल, गोड पदार्थ फोडून उभे असते. त्याला कोणी विचारले, आई जास्त आवडते की बाबा? मुलाने मांजू मधोमध मोडला आणि उलट विचारले, यातला कोणता तुकडा जास्त गोड? हे मूल शहाणे निघावे म्हणून घरी आणले जाई. दुसरी चाल ढेरपोट्या होतेई देवाची. वर्षारंभीच्या इनारी उत्सवात दरवर्षी एक होतेई घ्यायचा, आधी सर्वांत लहान आणि मग चढत्या मापाने, असे सात पुरे करायचे. मधल्या काळात घरात मृत्यू झाला तर जमवलेले सारे सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सात होतेई ओळीने मांडलेले घर म्हणजे सलग सात वर्षे सुखरूप गेलेले घर.

यात्रेकरू आणि किनाऱ्याने फिरणारी मालवाहू गलबते यांनी फुशिमीच्या बाहुल्या देशभर नेल्या. दूरच्या कुंभारांनी त्या समोर ठेवून काम सुरू केले. आयत्या बाहुलीवरच मातीचा साचा उठवून नव्या बाहुल्या काढणे हा सोपा मार्ग. पण माती वाळताना आणि भाजताना आकसते, त्यामुळे अशी प्रत मुळापेक्षा लहान होते आणि तिच्यावरून काढलेली आणखी लहान. पिढ्यांचा असा प्रवास मापातल्या फरकावरून ताडता येतो. सेन्दाईच्या त्सुत्सुमी, योनेझावाच्या सागारा आणि इवाते प्रांतातल्या हानामाकी या बाहुल्यांनी फुशिमीचा वारसा घेऊन स्वतःचा चेहरा घडवला. नागासाकीजवळच्या कोगाच्या बाहुल्यांत तर बंदरावर दिसणारे डच आणि चिनी पाहुणेही आले. ३ मार्चच्या मुलींच्या सणाला श्रीमंत घरांत रेशमी वस्त्रांतले राजाराणी मांडत. ज्यांना ते परवडत नसे त्यांच्याकडे मातीचे किंवा कागदाचे राजाराणी असत आणि खेड्यांतल्या मातीच्या बाहुल्यांचा मोठा खप याच सणाला होई. तोत्तोरी प्रांतातल्या मोचिगासे गावी तर कागदी जोडी गवताच्या चकतीवर ठेवून नदीत सोडतात. घरातली इडापीडा तिच्याबरोबर वाहून जावी म्हणून.

लाकडाची खेळणी

ईशान्य जपानला तोहोकु म्हणतात. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोकेशी ही बाहुली जन्मली. तिचे जनक ‘किजिया’, म्हणजे कातारी. लाकडाच्या वाट्या, तबके, पेले कातणारे हे लोक झाडांच्या शोधात डोंगरोडोंगरी फिरत. नवव्या शतकातला राजपुत्र कोरेताका हा आपला मूळपुरुष, असे ते मानत. झऱ्यांवर शेतकरी पेरणीआधी किंवा सुगीनंतर तांदूळ-भांडी घेऊन येत, आठवडा-दोन आठवडे राहत आणि गरम पाण्यात अंग शेकत. घरी जाताना मुलांना काय न्यायचे? कातारी वाट्या विकत होताच, उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्याने भोवरे आणि बाहुल्या काढल्या. चरकावर जे कातता येते ते सगळे गोल असते. म्हणून कोकेशीला एक गोल डोके आणि एक उभे धड, बस्स. हातपाय नाहीत. शेतकऱ्याच्या लेकीच्या मुठीत मावेल एवढीच तिची जाडी.

लाकूड बहुधा ‘मिझुकी’चे असते, पांढरे आणि बारीक पोताचे. झाड तोडून साल काढतात आणि ओंडके उघड्यावर रचून महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त, वाळवतात. घाई केली तर बाहुली पुढे तडकते. जुन्या काळी चरकाला दोन माणसे लागत. एक दोरी आलटून-पालटून ओढी, दुसरा हत्यार धरी. मेइजी काळात, १८८० च्या दशकात, पायाने चालणारा एकट्याचा चरक आला. काम झरझर होऊ लागले. हत्यारे कातारी स्वतःच भट्टीवर घडवतो. घासायला ‘तोकुसा’ या खरखरीत देठाच्या वनस्पतीचा वापर होई.

रंगकामाचा अर्धा भाग चरकावरच होतो. बाहुली फिरत असताना कुंचल्याचे टोक टेकवले की तिच्याभोवती सरळ कडी उमटते. हलका हात बारीक रेघ काढतो, जड हात पट्टा. फुले आणि चेहरा मात्र चरक थांबवून हाताने काढतात. डोळ्याची एक रेघ चुकली तर पुसता येत नाही, कारण रंग कच्च्या लाकडात मुरतो. शेवटी फिरत्या बाहुलीवर मेण दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने ते विरघळते आणि अंगाला झिलई येते.

पारंपरिक कोकेशीची साधारण अकरा घराणी मानतात. नारुकोच्या बाहुलीचे डोके फिरवले की ती करकरते. धड चरकावर वेगाने फिरत असते, त्याच्या भोकात कातारी डोक्याचा खुंट दाबतो. घासून लाकूड तापते, खुंट आत सरकतो आणि मग बाहेर येत नाही, पण फिरवला तर आवाज करतो. दाब किंचित कमी पडला तर डोके सैल, जास्त झाला तर धड फुटते. त्सुचियुच्या बाहुलीच्या माथ्यावर एकात एक काळी कडी असतात. तोगात्ताच्या डोक्यावर लाल पाकळ्या फाकलेल्या, याजिरोच्या डोक्यावर रंगीत चक्रांची टोपी. उत्तर टोकाला त्सुगारूची बाहुली एकाच अखंड तुकड्यातून कातलेली असते आणि तिच्या धडावर दारुमाचा चेहरा किंवा त्सुगारू सरदारांच्या घराण्याचे चिन्ह असलेले पेओनीचे फूल दिसते. इवातेतल्या नाम्बु घराण्याची बाहुली बिनरंगाची, नुसते डोके लटलट हलणारी. ती मूळची तान्ह्या बाळाची चोखणी. नक्षी बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे जाते. म्हणून जाणकार बाहुली पाहून गाव सांगतो आणि बरेचदा कारागिराचे घरही.

लाकडी खेळण्यांत चरकाशिवाय घडलेलीही बरीच. योनेझावाजवळच्या सासानो गावात शेतकरी हिवाळ्यात ससाणा कोरतात. संस्थानाच्या कर्जबाजारी काळात गादीवर आलेले सरदार उएसुगी योझान (१७५१–१८२२) यांनी या जोडधंद्याला उत्तेजन दिले. ‘सारुकिरी’ हे एकच रुंद पाते वापरून कारागीर कोशिआबुरा झाडाच्या फांदीवर लांब, पातळ ढलप्या उठवतो, पण तोडून टाकत नाही. त्या वळून पंख होतात. सुगावारा मिचिझाने (८४५–९०३) हा विद्वान पुढे तेन्जिन नावाने देव झाला. त्याच्या देवळांत ‘उसो’ हा लाकडी पक्षी मिळतो. क्युशूतल्या दाझाइफु देवळात ७ जानेवारीच्या रात्री अंधारात लोक आपापले पक्षी अनोळखी माणसांशी अदलाबदल करतात. तोक्योच्या कामेइदो देवळात गेल्या वर्षीचा पक्षी ठेवून नवा घेतात. सरलेल्या वर्षातले अशुभ खोटे ठरावे आणि शुभ पदरी पडावे ही भावना दोन्हीकडे एकच.

घोड्यांच्या मुलखात घोडे झाले. हाचिनोहेचा यावाता, सेन्दाईचा किनोशिता आणि मिहारूचा काळा घोडा हे तीन प्रसिद्ध. मिहारूचा घोडा सरळ कापलेल्या मोजक्या पृष्ठांनी उभा राहतो. क्युशूत हितोयोशी आणि आसपासच्या खोऱ्यांत ‘किजिगुरुमा’ हे चाकांवरचे फेझंट पक्षी आहेत. मुले त्यांना दोरी बांधून ओढत.

वारा, बर्फ आणि गवत

काही खेळण्यांत त्या मुलखाची हवाच कामाला लावलेली असते. नोबेओकाच्या ‘नोबोरी-झारू’ या खेळण्यात वेळूच्या उभ्या काठीला एक लहानसे निशाण असते आणि खाली कागदी माकड लटकते. वारा निशाणात भरला की माकड काठीवर सरसर चढते, वारा पडला की घसरून खाली येते. १७४७ मध्ये नाइतो सरदार नोबेओका संस्थानात बदलून आले. त्यांच्या सामुराईंच्या बायका घरखर्चाला हातभार म्हणून ही माकडे करत आणि ५ मेच्या मुलांच्या सणाला ती दारात लागत. मुलाने आयुष्यात असेच वर चढावे ही इच्छा.

उत्तरेच्या त्सुगारू भागात हिवाळाभर जमीनच दिसत नाही. साध्या भोवऱ्याची आर बर्फात रुतते. तिथला ‘झुगुरी’ हा भोवरा त्यासाठी जाड, बोथट पायाचा असतो. मुले बर्फात वाटीसारखा खळगा तुडवून त्यात तो फिरवतात. त्याच भागातल्या हिरोसाकीत मातीची कबुतर-शिटी होते. तोक्योच्या झोशिगाया भागात किशिमोजिन देवळापाशी ‘सुसुकी’ गवताच्या तुऱ्यांचे घुबड मिळते. आजारी आईच्या औषधाला पैसे नसलेल्या मुलीला देवीने हे घुबड करून विकायला सांगितले, अशी त्याची कथा. तुरे बांधून वळवले की पंख, कान आणि फुगीर पोट तयार, बाजारातून विकत आणायचे फारसे काही नाही.

केन्दामा हे दांडी आणि चेंडूचे खेळणे आज जगभर पोहोचले आहे. त्याचे सध्याचे रूप बरेच अलीकडचे. हिरोशिमा प्रांतातल्या कुरे शहरात त्याची नोंदणी १९१९ मध्ये झाली आणि लाकूडकामासाठी नावाजलेल्या त्याच प्रांतातल्या हात्सुकाइची गावी उत्पादन सुरू झाले. लोकखेळण्यांच्या रांगेत ते शेवटचे आणि कारखानदारीच्या रांगेत पहिल्यांपैकी एक.

मूल गेले, संग्राहक आला

१८६८ नंतर मेइजी राजवटीत पाश्चात्त्य वस्तूंची लाट आली. पत्र्याची, रबराची, पुढे सेल्युलॉइडची खेळणी स्वस्त झाली आणि जपान स्वतःच ती निर्यात करू लागला. डोंगर सरकारी मालकीचे झाल्याने फिरत्या कातार्‍यांना एका जागी बसावे लागले. संस्थाने संपली, देवीची भीती ओसरली. मातीच्या कित्येक बाहुल्यांच्या भट्ट्या याच काळात थंडावल्या.

नेमके तेव्हाच शहरातल्या मंडळींना या वस्तूंची गोडी लागली. तोक्योच्या कान्दा भागातला मालवाहतुकीचा व्यवसाय सोडून चित्रांकडे वळलेले शिमिझु सेइफू (१८५१–१९१३) यांनी गावोगावची खेळणी जमवली आणि त्यांची रंगीत चित्रे ‘उनाइ नो तोमो’ या मालिकेत १८९१ पासून लाकडी ठशांनी छापली. त्यांच्या मागे निशिझावा तेकिहो यांनी मालिका दहा भागांपर्यंत नेली. नष्ट झालेल्या अनेक खेळण्यांची ओळख आज त्या पानांवरूनच होते. ओसाकाचे चित्रकार कावासाकी क्योसेन (१८७७–१९४२) यांनी हजारो खेळण्यांची चित्रे काढून ठेवली. सेन्दाईच्या आमाए तोमिया यांनी १९२८ मध्ये कोकेशीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि मुलांसाठी चित्रे काढणारे ताकेई ताकेओ यांनी १९३० मध्ये देशभरच्या लोकखेळण्यांवर. यानागी सोएत्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ च्या सुमारास ‘मिंगेइ’ म्हणजे लोककला ही कल्पना मांडली, १९३६ मध्ये तोक्योत तिचे संग्रहालय उघडले. सामान्य माणसाच्या वापरातली वस्तू सुंदर असू शकते, हा विचार त्यातून रुजला.

या आवडीने कारागिराचा संसार सावरला, पण कामही बदलले. कोकेशीवर कारागीर आता तळाला सही करू लागला, कारण संग्राहकाला नाव हवे होते. मुठीत धरायची बाहुली फळीवर शोभेल एवढी उंच होऊ लागली. ‘देको’, ‘किबोको’, ‘कोगेसु’ अशी गावोगावची नावे असलेल्या या बाहुलीला ‘कोकेशी’ हेच एक नाव वापरायचे, असे १९४० मध्ये नारुकोत भरलेल्या शौकिनांच्या बैठकीत ठरले. म्हणजे खेळण्याचे नावसुद्धा त्याच्याशी न खेळणाऱ्यांनी पक्के केले.

युद्धानंतर

दुसऱ्या महायुद्धानंतर टपालखात्याने नववर्षाच्या तिकिटांवर लोकखेळणी छापायला सुरुवात केली. १९५४ या घोड्याच्या वर्षी तिकिटावर मिहारूचा घोडा आला. चिनी पंचांगातल्या बारा प्राण्यांमुळे दरवर्षी कोणत्या ना कोणत्या गावाच्या खेळण्याला मागणी येते, वाघाच्या वर्षी वाघांना, बैलाच्या वर्षी आकाबेकोला. १९६० नंतर देशांतर्गत पर्यटन वाढले तशी कोकेशीची दुसरी मोठी लाट उसळली. घराण्यांच्या चौकटीबाहेरच्या ‘सर्जनशील’ कोकेशी गुन्मासारख्या भागांत तयार होऊ लागल्या. पारंपरिक हस्तोद्योगांना आधार देणारा कायदा १९७४ मध्ये झाला आणि मियागी प्रांताच्या कोकेशीला १९८१ मध्ये त्याखाली मान्यता मिळाली. हिमेजी आणि कुराशिकी येथील खाजगी संग्रहालयांनी देशभरचे नमुने जपले. २०१० च्या आसपास तरुण मुलींमध्ये कोकेशीची तिसरी लाट आली. यावेळी मागणी पुन्हा लहान, स्वस्त आणि मुठीत मावणाऱ्या बाहुल्यांना होती.

तंत्रातही फरक पडला आहे. ताकासाकीचे बहुतेक दारुमा आता कागदाच्या पातळ लगद्यात धातूचा साचा बुडवून, हवेच्या शोषणाने लगदा ओढून घेऊन घडतात. साच्यावर हाताने कागद चिकटवणारे मोजकेच राहिले. चेहरा मात्र अजूनही हाताने रंगवतात. सरस, गोफुन आणि हातकागद करणारे स्वतःच कमी होत चालले आहेत, त्यामुळे एका खेळण्याचे भवितव्य इतर चार हस्तोद्योगांवर अवलंबून असते. सर्वांत अवघड प्रश्न वारसांचा. लाकूड वाळवण्यापासून हत्यार घडवण्यापर्यंतचे सारे शिकायला वर्षे जातात आणि खेळण्याची किंमत खेळण्याएवढीच राहते. काही गावांनी घराण्याबाहेरचे शिष्य घ्यायला सुरुवात केली आहे.

जी खेळणी टिकली त्यांच्याकडे पाहता एक गोष्ट ठळक दिसते. ज्यांना दरवर्षी काही प्रयोजन आहे ती जोमात आहेत. दारुमा दरवर्षी जळतो आणि नवा लागतो, उसो दरवर्षी बदलावा लागतो, घरात माणूस वाढला की ओकिआगारी-कोबोशीही एक वाढते. ज्या खेळण्यांचे प्रयोजन एखाद्या रोगापुरते किंवा संस्थानापुरते होते त्यांतली बरीच संग्राहकांच्या कपाटात गेली किंवा शिमिझु सेइफू यांच्या चित्रांपुरती उरली. कारागिराचे कसब दोन्हीकडे सारखेच होते. फरक पडला तो गिऱ्हाईक पुन्हा दाराशी येण्याच्या कारणाने.